कडेवरची हजेरी

आमच्या शाळेची हजेरी चौथीतल्या एका पोरीच्या हातात होती, हे आम्हाला ती यायची बंद झाल्यावर कळलं.

शाळा तलासरी तालुक्यात, वेवजीच्या अलीकडच्या एका पाड्यावर. दोन खोल्या, एक व्हरांडा, मागे खिचडीसाठी पत्र्याची शेड आणि पुढे मैदान म्हणावं इतपत लाल माती. गुजरातची हद्द इतकी जवळ की आम्ही वर्गात बसलेलो असताना मोबाइल मात्र परराज्यात जाऊन यायचा आणि तसा मेसेजही दाखवायचा. पहिली ते पाचवीचे वर्ग आणि शिक्षक दोन, मी आणि हेडमास्तर. मी डहाणूहून स्कूटीवर यायचे. आमच्या घरात सगळेच पगारी. वडील रेल्वेत, आई पोस्टात. त्यामुळे माणूस रोज सकाळी कुठेतरी हजर होतोच, असा माझा लहानपणापासूनचा समज. हेडमास्तर वाणगावचे. निवृत्ती जवळ आलेली, पोट पुढे आलेलं, गळ्यात कायम शिट्टी. वरून साहेबांचा फोन आला की ते खुर्चीतून उठून उभे राहून बोलायचे. साहेबाला तिकडून ते दिसत नाही, हे मी एकदा त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, "सवय मोडू नये."

तर ती पोरगी. अंगाने काडी, आवाजाने भोंगा. सकाळी निघताना हातात निर्गुडीची फोक घ्यायची आणि पाड्यातल्या एकेका घरातून पोरं बाहेर काढत यायची. "उठला का रे? चल. नाही घातलीस तर राहू दे, चड्डी रस्त्यात घाल." शाळेच्या फाटकात पोचायची तेव्हा तिच्या मागे वरात असायची. आम्हाला वाटायचं की आमच्या अध्यापनकौशल्यामुळे पोरं येतात. माणसाला काय वाटावं याला काही मर्यादा नसते.

नारळी पौर्णिमा झाली आणि तिचा बाप नेहमीसारखा गुजरातच्या बंदरात बोटीवर खलाशी म्हणून गेला. त्या वर्षी आईही हद्दीपलीकडच्या एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागली. सकाळी नाक्यावरून बायकांनी भरलेला टेम्पो सुटायचा, त्यात तीही. घरात उरली ही पोरगी आणि नुकताच रांगायला लागलेला भाऊ. ती यायची थांबली. पाठोपाठ एकेक करत अर्धी शाळा थांबली.

ह्याच सुमारास वरून आदेश आला. तसे आदेश येतच असतात, हा व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. विद्यार्थ्यांची उपस्थिती वाढवण्यासाठी उपक्रम राबवा आणि फोटो टाका. ह्यातला दुसरा भाग महत्त्वाचा, हे नोकरीच्या पहिल्या वर्षीच कळतं.

हेडमास्तरांनी प्रभातफेरी काढायचं ठरवलं. प्रभातफेरीत मुलं लागतात, आणि आमच्याकडे होती ती फक्त येणारी. म्हणजे जी पोरं शाळेत येतात त्यांना शाळेतून बाहेर काढायचं आणि जी येत नाहीत त्यांच्या दारात नेऊन ओरडायला लावायचं. पुढे ढोल, मधे पोरं, मागे मी मोबाइल उंच धरून. हेडमास्तर शिट्टीच्या तालावर चालत होते. एका अंगणात एक बाई भांडी घासत बसली होती. तिने मान वर करून शांतपणे विचारलं, "कोण उभाय?"

"कशाला उभाय?" हेडमास्तर.

"इलेक्शनला."

फोटो मात्र छान आले. ग्रुपवर पंधरा-वीस अंगठे मिळाले. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरं आणखी कमी, कारण ढोल वाजवणारे दोघे दमून घरीच राहिले होते.

मग पालकसभा. दोन पुरुष आले. एकाला वाटलं होतं रेशनचं काहीतरी आहे. दुसरा त्याच्या सोबतीला आला होता. हेडमास्तरांनी त्या दोघांना शिक्षणाचं महत्त्व इतकं लांबवर सांगितलं की दुसरा मधेच उठून बकऱ्या बघून आला आणि परत बसला. सभा संपल्यावर हेडमास्तर मला म्हणाले, "पालक जागरूक नाहीत, बाई. मुळात तोच प्रॉब्लेम आहे." त्यानंतर ते खुर्चीत टेकले आणि त्यांना डुलकी लागली.

त्या दुपारी मी एकटीच पाड्यावर गेले. पोरीच्या घराशी पोचण्याआधीच मला माझा आवाज ऐकू आला. "शांत बसा! कोण बोलतंय मागे? उभी राहा!" अगदी माझा. नाकातला, थोडा चिरका, तोपर्यंत मला गोड वाटत आलेला. अंगणात ती उभी होती, कडेवर भाऊ, आणि समोर आमच्या वर्गातल्या चार-पाच पोरी, प्रत्येकीच्या मांडीवर नाहीतर खांद्यावर एकेक लहान मूल. आजूबाजूला बिनकामाचे पाच-सहा पोरगेही. म्हणजे वर्ग भरत होता. फक्त आमच्याकडे भरत नव्हता.

मला बघून ती जराही ओशाळली नाही. म्हणाली, "बाई, हा झोपतच नाय. काय करू?"

"आधी सांग, शाळेत का येत नाहीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला उगाच विचारलं असं झालं. मग भावाला दोन्ही बगलांत धरून माझ्या तोंडासमोर केलं. "हा."

त्याच्या नाकाला शेंबूड, कमरेला काळा करगोटा, बाकी काही नाही. त्याने माझा चष्मा ओढला.

"घरात दुसरं कोणी नाही?"

"काकी हाय. ती पण कंपनीत."

"आणि अंगणवाडी?"

"पल्याडच्या पाड्यावर. आणि चालतं पोर घेतात. हा चालतो का?"

नव्हता चालत. मी चष्मा सोडवून घेतला आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून नाक्यावर गेले. टेम्पो उभा होता, बायका चढत होत्या. पोरीची आई फळीच्या कडेला बसली होती, डोक्याला रुमाल, मांडीवर डबा. तिचं बोलणं मला धड लिहिता येत नाही, मी आपलं माझ्या मराठीत लिहिते. एक मात्र तसंच ठेवते. त्यांच्या बोलण्यात 'तुम्ही' फारसं नाहीच. हेडमास्तरही तू, कलेक्टरही तू.

मी प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं बोलले. पोरगी हुशार आहे, वर्ष वाया जाईल, मुलगी शिकली की घर शिकतं वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

"पाठवते ना तिला," ती म्हणाली. "मग बारक्याला कोण धरेल? तू?"

टेम्पोतल्या बायका मोठ्याने हसल्या. टेम्पोवाला पण आरशात बघून हसला. मला त्या हसण्याचा इतका राग आला की विचार करायला वेळच मिळाला नाही. "हो," मी म्हटलं. "मी धरेन."

मग त्या जास्तच जोरात हसल्या आणि टेम्पो सुटला. वळणावर दिसेनासा होईपर्यंत पोरीची आई माझ्याकडे बघत होती, आता मात्र हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पोरगी आली. मागे वरात, हातात फोक, कडेवर भाऊ. फाटकातच तिने त्याला माझ्याकडे दिलं, दप्तर द्यावं तसं, आणि आत जाऊन बसली.

हेडमास्तर व्हरांड्यात आले. "बाई, हे काय?"

"मूल आहे, सर."

"ते दिसतंय. पटावर आहे का?"

"नाही."

"मग शाळेत कसं?"

"सर, पटावर आहेत ती येत नव्हती. आज हे एक पटावर नसलेलं आलं आणि त्याच्या मागून बाकीची आली."

त्यांनी वर्गात डोकावून पाहिलं. बऱ्याच दिवसांनी बसायला जागा कमी पडत होती. ते काही न बोलता आत गेले. मी ते परवानगी म्हणून धरलं.

भागाकार शिकवायचा ठरला होता. कडेवर मूल घेऊन भागाकार शिकवता येतो, पण फळ्यावरचे आकडे चढावर चालल्यासारखे जातात. खाली ठेवलं तर तो खडू खायचा. खडू काढून घेतला तर रडायचा. एकदा भिंतीवरच्या नकाशाची दोरी हाताला लागली आणि पालघर जिल्हा सबंध खाली आला, ह्याच्या डोक्यावर. तेव्हा मात्र तो हसला. पोरंही हसली. तास तिथेच संपला.

मधल्या सुट्टीत मी खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे गेले. मावशी पाड्यातल्याच. आवाज मोठा, हात जड, शाळेत सगळे त्यांना वचकून. हेडमास्तरांना त्या 'मास्तर' म्हणायच्या आणि ते हळूच 'ओ' द्यायचे.

"मावशी, जरा ह्याला बघाल का?"

"मी खिचडीला हाय. पाळण्याला नाय."

"तसं नाही, पण..."

"पण बिण नाय. उद्या म्हशी आणशील, त्या पण मीच बघू?"

मी तिथेच उभी राहिले. मूल माझ्या ओढणीत नाक पुसत होतं. मावशींनी डाळीत पळी फिरवली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पळी फिरवली. मग म्हणाल्या, "बघते. पण आजपासून तुमचे दोघांचे डबे तुम्ही धुवायचे. आणि मास्तरचा चहाचा कप पण मास्तरच धुईल."

हेडमास्तरांना ही अट कळवताना माझी जीभ चाचरली. संध्याकाळी मी पाहिलं, नळाशी उकिडवे बसून ते कप धूत होते आणि तो फारच मन लावून धूत होते.

मावशींनी त्यांच्या जुन्या लुगड्याची झोळी केली आणि व्हरांड्याच्या वाशाला टांगली. पोराला तिच्यात ठेवताच त्याने भोकाड पसरलं. पोरीने घेतलं, मी घेतलं, मावशींनी घेतलं, ते काही थांबेना. तिसरीला हेडमास्तर कविता शिकवत होते. शेवटी ते तरातरा बाहेर आले. "हे आत्ताच्या आत्ता घरी पाठवा!" असं म्हणत त्यांनी पोराला उचललं, मला द्यायला म्हणून. पोराने त्यांच्या गळ्यातली शिट्टी पकडली, तोंडात घातली, पोटावर गाल टेकला, आणि दोन हुंदके देऊन झोपून गेलं.

हेडमास्तर पुतळा झाले. "आता काय करू?" त्यांनी मला कुजबुजत विचारलं.

"उभे राहा, सर."

"किती वेळ?"

"तो उठेपर्यंत."

ते तसेच पोट सांभाळत वर्गात गेले आणि कुजबुजतच कविता शिकवू लागले. तिसरीच्या पोरांनीही कुजबुजत म्हटली. माझ्या नोकरीत इतका शांत वर्ग मी पाहिलेला नाही. त्यानंतर दुपारी झोपायचं तर त्याच पोटावर, हे त्या मुलाने नक्की करून टाकलं. हेडमास्तर तोंडाने कुरकुरायचे, पण त्याची वेळ झाली की शिट्टी धुऊन पुसून तयार ठेवायचे.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आठवड्याभरात बाकीच्या पोरीही आपापली भावंडं घेऊन आल्या. मग एका पोराने भाचीला आणलं. हेडमास्तर घाबरले आणि त्यांनी नियम काढला, ज्याचं मूल त्याने स्वतः शाळेत यायचं आणि शिकायचं, नाहीतर मूल परत. त्या नियमाने जी दांडीबहाद्दर पोरं उरली होती तीही आली, कारण घरच्यांना आता ती शाळेतच हवी होती. सकाळी आया त्यांना दटावून पाठवू लागल्या. आमच्या पालकसभेने जे झालं नाही ते एका झोळीने झालं. झोळ्या लवकरच तीन झाल्या.

सगळं गोड होतं असं नाही. व्हरांड्याला वास यायचा. लंगोट कमी पडायचे. हेडमास्तर घरून बायकोच्या जुन्या साड्या फाडून तुकडे आणू लागले, तर एक दिवस त्यांच्या बायकोचा मला फोन. "बाई, तुम्ही दोघं शाळेत नक्की काय करता?" मी खरं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "आमची दोन झाली, एकदाही घेतलं नाही हो ह्यांनी." पुढच्या सोमवारी धुऊन घड्या घातलेल्या तुकड्यांची पिशवीच आली.

पोरगेही आधी आडमुठेपणा करत होते. पाचवीतला एक, नुकती मिसरूड दिसायला लागलेला, म्हणाला, "पोरगे पोर धरत नाय."

आमच्या पोरीने विचारलं, "तुला कोणी धरला व्हता?"

"भईणीने."

"ती आता कुठं हाय?"

"सासरी."

"शाळेत गेलेली?"

तिने तिच्या मैत्रिणीची बहीण त्याच्या हातात दिली. त्याने ती पेटलेला फटाका धरावा तशी धरली. महिनाभराने तीच मुलगी कडेवर घेऊन तो विटीदांडू खेळत होता. मी ओरडले तर म्हणाला, "बाई, तिला मज्या येते."

सगळे आले, असंही नाही. दिवाळीनंतर एक कुटुंब वीटभट्टीवर गेलं. त्यांची दोन्ही पोरं गेली. आम्ही दोघं त्यांच्या घरी जाऊन बसलो, आजीपाशी ठेवा म्हणालो, राहायची सोय करू म्हणालो. बाप नुसता मान हलवत होता. दुसऱ्या दिवशी घराला कडी. त्यातल्या धाकट्याची पेन्सिल माझ्याकडे राहिली होती, ती मी बरेच दिवस कोणाला वापरू दिली नाही. हेडमास्तर त्या दिवशी कोणावर ओरडले नाहीत.

आता गंमत अशी की पोरं येत नव्हती तेव्हा वरून कोणी आलं नाही. हजेरी वाढली तेव्हा मात्र चौकशी सुरू झाली. रोज ग्रुपवर फोटो टाकावा लागायचा. फोटोच्या वेळी आम्ही लहान मुलांना शेडमागे न्यायचो आणि पटावरची पोरं नीट रांगेत उभी करायचो. ती गर्दी बघून तालुक्याला संशय आला. एवढी पोरं आणली कुठून? दुसऱ्या शाळेची उसनी तर नाहीत?

विस्तार अधिकारी अचानक आले. घाटावरून नुकतेच बदलून आलेले, तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. गाडी फाटकाबाहेर थांबली ती मावशींनी आधी पाहिली. धावत माझ्या दाराशी आल्या. "साहेब आला! पोरं लपवू का?"

"शेडमध्ये न्या."

"शेडमध्ये चूल पेटलीय. भाजायचीत का?"

तेवढ्यात साहेब दारात. माझ्या वर्गात पटावरची पोरं होतीच, शिवाय मधेमधे सहा-सात लहानगी, एक झोपलेलं, एक टेबलाखाली, एक माझ्या कडेवर. दुसऱ्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं. त्याच्या आड हेडमास्तर पोटावर मूल घेऊन उभे आहेत हे मला ठाऊक होतं. साहेब आले असताना स्वागताला न येण्याची त्यांची नोकरीतली ही पहिलीच वेळ.

"मुख्याध्यापक कुठे आहेत?"

"वर्ग घेताहेत, सर."

"बोलवा." मग त्यांची नजर खाली गेली. "हे काय आहे?"

मी तोंड उघडायच्या आत आमची पोरगी उभी राहिली. "ही पोरं हायत."

"ते दिसतंय. शाळेत कशाला?"

"आम्ही शाळेत यावं म्हणून."

साहेब माझ्याकडे वळले. चिडले नव्हते, पण गंभीर झाले होते. "मॅडम, तुमचा हेतू मी समजू शकतो. पण ही लहान मुलं तुमच्या पटावर नाहीत. उद्या एखाद्याला काही लागलं, काही झालं, तर जबाबदार कोण? मला सांगा."

बोलणं रास्त होतं. आणि तेवढ्यात जमीन गुरगुरली.

आमच्याकडे हे नवीन नाही. मधली काही वर्षं तर हादरे इतके यायचे की शाळा बाहेर मंडपात भरायची. आधी जमिनीच्या पोटातून गडगड येते, मग खिडकीचे गज वाजतात, मग पायाखालून कोणीतरी सतरंजी ओढल्यासारखं होतं. त्या दिवशीचा धक्का बरा मोठा होता. गज वाजले, फळा भिंतीवर आपटला, फाइल जमिनीवर पडली. मी वळून पाहिलं तर साहेब नव्हते. ते दारातून, व्हरांड्यातून, मैदान ओलांडून थेट गाडीपाशी पोचले होते.

पोरं उठली. कोणी किंचाळलं नाही. हाताशी जे लहान मूल असेल, कोणाचंही असो, ते उचलायचं, दप्तर डोक्यावर धरायचं आणि रांगेने बाहेर, हे आमच्या पोरीने फोक हातात घेऊन घोटून घेतलं होतं. मिसरूडवाल्याच्या दोन्ही कडेला एकेक मूल. टेबलाखालचं मी ओढून काढलं. मावशी चुलीत पाणी ओतून, हातात पळी घेऊन बाहेर आल्या. मैदानात बसवून मी डोकी मोजली, मोठी आणि लहान. सगळी होती.

दुसऱ्या खोलीतून तिसरीची रांग आली, प्रत्येकाचं बोट ओठांवर. आणि सगळ्यांच्या शेवटी हेडमास्तर. अगदी हळू, पाय न वाजवता, एक हात पोराच्या पाठीखाली, दुसरा त्याच्या डोक्यावर छत्रीसारखा.

साहेब गाडीपासून परत आले. चेहरा पांढरा झालेला, आवाज चढलेला. "अहो सर! इतक्या सावकाश? भूकंप झालाय, कळतंय का तुम्हाला?"

साहेबांच्या फोनलाही उठून उभा राहणारा हा माणूस. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "साहेब, हळू बोला. झोपलाय."

मी जमिनीकडे पाहत राहिले, कारण वर पाहिलं असतं तर हसू फुटलं असतं. मावशींनी तेवढाही संकोच केला नाही. त्या खदाखदा हसल्या.

साहेब चिंचेखाली बसले. पोरीने त्यांना पाणी नेऊन दिलं. पिताना अर्धं पाणी शर्टावर सांडलं. तिने विचारलं, "पहिलाच का?"

"हो," साहेब म्हणाले.

"व्हते सवय. पण पळायचं नाय. रांगेत यायचं."

ते तिच्याकडे बघत राहिले आणि मग हसले, अगदी मोकळं. त्या दिवशी चूल विझल्यामुळे खिचडी अर्धवट शिजली होती, तरी त्यांनी पोरांबरोबर बसून खाल्ली. निघताना हेडमास्तरांना बाजूला घेऊन म्हणाले, "लहान मुलं मला दिसली नाहीत, असं समजा."

हेडमास्तरांना काय झालं होतं कोण जाणे. म्हणाले, "दिसली असती तर बरं झालं असतं, साहेब. दोन सतरंज्या मागितल्या असत्या."

सतरंज्या आल्या नाहीत. पण चौकशीही पुन्हा आली नाही. आमच्या खात्यात ह्याला सहकार्य म्हणतात.

शिमग्याला पोरीचा बाप बोटीवरून सुट्टीवर आला. उन्हाने रापलेला, अबोल माणूस. दुपारी शाळेत आला आणि फाटकाशीच उभा राहिला. पोरीने भावाला त्याच्याकडे नेलं. तो गेला होता तेव्हा पोर रांगत होतं, आता धडपडत चालत होतं. त्याने हात पुढे केले. पोराने त्याच्याकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि उलट फिरून हेडमास्तरांच्या पायाला मिठी मारली. बापाचे हात तसेच पुढे राहिले. हेडमास्तरांचे कान लाल झाले. मग ते पोराला घेऊन बापाशेजारी पायरीवर बसले, अगदी खेटून, आणि उगाच मासळीबद्दल विचारू लागले. वाऱ्याबद्दल, डिझेलबद्दल, बोटीवर जेवायला काय देतात त्याबद्दल. शाळा सुटायच्या सुमारास पोर एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर सरकलं. सुट्टी संपेपर्यंत तो बाप रोज यायचा आणि पायरीवर बसून तीन झोळ्या हलवायचा.

पोरगी पाचवी पास झाली आणि आश्रमशाळेत, वसतिगृहावर गेली. त्यासाठी मी आणि हेडमास्तर दोघं तिच्या आईला पुन्हा नाक्यावर भेटलो. ह्या वेळी बायका हसल्या नाहीत, उलट टेम्पोवाल्याला थांबायला लावलं. आई म्हणाली, "लांब हाय." मी म्हटलं, हो, लांब आहे. जाण्याच्या दिवशी पोरगी पत्र्याची पेटी घेऊन इको गाडीत बसली, माझ्या आवाजात "शांत बसा!" असं ड्रायव्हरला म्हणाली आणि गेली. मी वर्गात येऊन फळ्याकडे तोंड करून बराच वेळ तारीख लिहीत होते.

हेडमास्तर पुढच्या वर्षी निवृत्त झाले. निरोपसमारंभाला हार, नारळ, शाल, भाषणं, सगळं रीतसर. त्यानंतरच्या सोमवारी ते साध्या शर्टात पुन्हा हजर. म्हणाले, "घरी करमेना." काही महिने असेच अधूनमधून यायचे, व्हरांड्यात बसायचे, जे लहान असेल त्याला पोटावर घ्यायचे. नवीन गुरुजी चांगले आहेत, पण सडपातळ. मुलं त्यांच्याकडे झोपायला नाखूश असतात.

आणि तो भाऊ. कळायला लागल्यापासून शाळेत वाढलेला हा मुलगा औंदा पहिलीत आला, आणि येत नाही. आला तर खिचडीपर्यंत थांबतो. शाळेत पाहण्यासारखं जे होतं ते सगळं त्याचं लहानपणीच पाहून झालंय, असा त्याचा एकूण आविर्भाव. परवा तो पुन्हा गायब. मी स्कूटी लावली आणि ओहोळात उतरले. हा गुडघाभर पाण्यात, दगडाखाली हात घातलेला.

"शाळा नाही का आज?" मी ओरडले.

"हाय ना," तो मागे न वळता म्हणाला. "तू जा, मी येतो."

मी काठावर बसून राहिले. बऱ्याच वेळाने तो वर आला, ओला, दोन्ही हातांत एकेक खेकडा. तसाच शाळेत आला. खेकडे मावशींनी ठेवून घेतले, त्याला मी पहिल्या रांगेत बसवलं आणि त्याचं नाव घेऊन हजेरी मांडली.